हाताची किंमत



सोयाबीनची सोंगणी झाली, शेतात गंज्या लागल्या की वऱ्हाडात थ्रेशर फिरू लागतात. त्याच दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते : मळणीयंत्रात पदर अडकून शेतमजूर महिला जखमी. कधी जखमी, कधी ठार. पुढे त्या बाईचे काय झाले, तिला कोणी काही दिले का, दिले तर कोणत्या हिशेबाने, हे त्या बातमीत नसते आणि नंतरही कधी छापून येत नाही. या अंकाचे संपादकीय मी त्या न आलेल्या बातमीवर लिहिते आहे.

आपल्या संघटनांकडे मारहाणीच्या, पोटगीच्या, दारूच्या तक्रारी येतात. टाकून दिलेल्या बायका येतात. कामावर हात गेला म्हणून मात्र क्वचितच कोणी येते, कारण हा अन्याय आहे असे तिला वाटतच नाही. अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेड आहे. तिथल्या शेतमजूर बायकांच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एकीने उजवा हात पुढे केला. चार बोटे मुळापासून गेलेली. ती म्हणाली, "माह्या हाताची भरपाई कोन देईन वो बाई? पदर अटकला, चुकी तं माहीच होती. मालकानं दवाखाना केला, दोन पोते ज्वारी देल्ली, कागदावर अंगठा घेतला. झालं." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. मालक चांगला होता, असेच सगळ्यांचे मत पडले.

त्या एका उत्तरात तीन समजुती आहेत आणि तिन्ही मालकाच्या सोयीच्या आहेत. चूक तिची, म्हणून हक्क नाही. मालकाने स्वतःहून जे दिले तीच भरपाई. आणि कागदावर अंगठा उमटला की विषय संपला. कायदा या तिन्ही समजुतींच्या विरुद्ध आहे, आणि तो आजचा नाही, शंभर वर्षांचा आहे.

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याआधी मालकाचा दोष कामगाराने सिद्ध केला तरच काही मिळण्याची आशा असे. या कायद्याने ती अट काढली. कामामुळे आणि काम करत असताना अपघात झाला एवढे दाखवले की मालकाची जबाबदारी लागू होते. २००९ च्या दुरुस्तीने कायद्याच्या इंग्रजी नावातला, फक्त पुरुष सुचवणारा 'कामगार' शब्द गेला आणि 'कर्मचारी' हा शब्द आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा कायदा तिच्यात विलीन झाला. त्याआधी घडलेल्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याच्या आधारे चालतात. नवी संहिता आली तरी भरपाईचा सांगाडा तोच आहे.

मालकाला सुटका मिळते ती मोजक्या कारणांनी. कामगार दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली असेल, सुरक्षेसाठी दिलेली स्पष्ट सूचना त्याने जाणूनबुजून मोडली असेल, किंवा यंत्राचे संरक्षक झाकण मुद्दाम काढले असेल, तर. अपघातात मृत्यू झाला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर ही कारणेही मालकाच्या कामी येत नाहीत. पदर सैल होता, लक्ष नव्हते, घाई केली, ही कारणे या यादीत कुठेच नाहीत. मग गावात पहिला प्रश्न पदराचाच का विचारला जातो? थ्रेशरच्या तोंडाला झाकण होते का, बाईला गळ्यापर्यंत बंद असा अंगरखा दिला होता का, अंधार पडल्यावरही काम चालू का ठेवले, हे प्रश्न कोणी का विचारत नाही? मळणीयंत्रे माणसांचे हात नेतात हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला तो मुख्यतः शक्तीवर चालणाऱ्या मळणीयंत्रांसाठीच. यंत्र धोक्याचे आहे हे कायद्याने मान्य केले. गाव मात्र अजून पदरालाच दोष देते.

आता कोणाला हा हक्क आहे ते पाहू. शेतमजुराला कामगार कायदे लागत नाहीत, असे आपले कार्यकर्तेही बोलून जातात. ते अर्धेच खरे आहे. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ट्रॅक्टरने किंवा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणारी शेती आहे, यांत्रिक मळणी आहे, कीटकनाशकांची फवारणी व धुरळणी आहे. चार दिवसांच्या कामाला आलेली मजूर म्हणून हात झटकण्याची जी वाट होती ती २००० सालच्या दुरुस्तीने बंद झाली. म्हणजे एका दिवसाच्या रोजाने थ्रेशरवर गेलेल्या बाईलाही हा हक्क आहे.

जे अनुसूचीत नाही त्याचाही विचार केला पाहिजे. हाताने निंदण करणारी, कापूस वेचणारी बाई यंत्राजवळ नसते. वेचणीत तिला साप चावला तर ही अनुसूची तिच्या कामी येत नाही. तेव्हा सरकारी योजना दाखवली जाते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशही धरलेला आहे आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण ती योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. ज्या बाईच्या घराला गुंठाभरही जमीन नाही ती दुसऱ्याच्या शेतात मेली तर शेतकरी ठरत नाही, आणि यंत्राजवळ नव्हती म्हणून कायद्याच्या लेखी कामगारही ठरत नाही. वऱ्हाडातले सर्वात जास्त बायकांचे काम, वेचणी आणि निंदण, नेमके याच फटीत पडते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले. शेजारच्या जिल्ह्यांतही माणसे दगावली. त्या वेळी संरक्षक कपडे न घातल्याचा ठपका फवारणाऱ्यांवरच ठेवणारी भाषा ऐकू आली. सरकारने मृतांच्या कुटुंबांना २ लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य जाहीर केले. सानुग्रह म्हणजे कृपापूर्वक. फवारणी अनुसूचीत असताना, रोजाने फवारायला गेलेल्या मजुराच्या विधवेला कृपेची गरज नव्हती, तिचा दावा होत होता. पण तिच्यापर्यंत 'दावा' हा शब्द पोचण्याआधी 'मदत' हा शब्द पोचला. मदत मिळाली की माणूस उपकृत होतो आणि उपकृत माणूस हिशेब मागत नाही. हिवरखेडच्या त्या दोन पोत्यांचेही तेच झाले.

त्या अंगठ्याच्या कागदाबद्दल प्रत्येक गटाने आपल्या गावात मोठ्याने सांगावे असे काही आहे. १९२३ च्या कायद्याने असे ठरवले की मृत्यूची भरपाई आणि बाईला मिळणारी एकरकमी भरपाई मालकाने परस्पर हातात ठेवायची नाही, ती आयुक्तांकडे जमा करायची. परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरला जात नाही. तडजोड झाली तरी ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते. हक्क सोडून देण्याचा करार तर मुळातच रद्दबातल. याचा अर्थ, स्टॅम्पपेपरवर चार पंच बसवून घेतलेला 'माझी काही तक्रार नाही' हा अंगठा बाईचा दावा संपवत नाही. तो कागद कोर्टात मालकाच्याच अंगावर येऊ शकतो, कारण अपघात माझ्या कामावर झाला हे त्यात त्यानेच लिहून दिलेले असते. असा कागद कोणाच्या घरी असेल तर फाडू नका. जपून ठेवा.

याच कलमात एक शल्यही आहे. एकरकमी पैसा ज्यांच्या हातात द्यायचा नाही त्यांत कायद्याने दोन वर्ग केले : कायद्याच्या दृष्टीने अक्षम व्यक्ती, आणि स्त्री. अज्ञान मूल, वेडसर माणूस आणि शहाणीसुरती, घर चालवणारी बाई एका ओळीत. आयुक्त तिची रक्कम बँकेत ठेवू शकतात आणि तिला तो पैसा अर्ज करून मागावा लागतो. आपल्यातल्या काही जणी म्हणतात की पैसा कोर्टाच्या ताब्यात राहिल्यामुळे दिराच्या, सासऱ्याच्या हाती जात नाही, म्हणून ही तरतूद बरी. अनुभवाने त्यात तथ्य आहे. तरी मला वाटते, दिराला रोखायचे तर दिरावर बंधन घाला. बाईला अक्षम ठरवून तिचे रक्षण करण्याची रीत इंग्रजांच्या काळातली आहे आणि शंभर वर्षांनंतर तिचा फेरविचार झालाच पाहिजे.

कायदा इतका बाजूने असताना बायका हरतात कुठे? माझ्या समजुतीप्रमाणे तीन दारांशी. ही तिन्ही दारे पुरुष मजुरालाही ओलांडावी लागतात, पण बाईसाठी ती अधिक अरुंद आहेत.

पहिले दार : मालक कोण? शेत एकाचे, थ्रेशर दुसऱ्याचा, बायका जमवून आणणारी तिसरीच. काम गुत्त्याने घेतलेले. अपघात झाला की शेतमालक थ्रेशरवाल्याकडे बोट दाखवतो, थ्रेशरवाला म्हणतो ही बाई माझी नव्हेच, आणि विमा कंपनी म्हणते आमचा हिच्याशी संबंध काय? ठेकेदारामार्फत काम करून घेतले तरी मूळ मालक जबाबदार धरला जाऊ शकतो असे कायदा म्हणतो. म्हणून दाव्यात दोघांनाही प्रतिवादी करावे. पण ती त्या दिवशी तिथे मजुरीवर होती, हे तिलाच दाखवावे लागते. हजेरीपट नाही, पावती नाही, मजुरी हातात रोख. २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर अशी जबाबदारी टाकली होती की कामावर ठेवतानाच मजुराला भरपाईच्या हक्काची लेखी माहिती द्यायची. हिवरखेडच्या बैठकीत हे वाचून दाखवले तेव्हा बायका हसल्या. मलाही त्यांच्या हसण्याला उत्तर नव्हते.

हे दार बहुधा पहिल्याच दिवशी दवाखान्यात बंद होते. जखमी बाईला मालकाचा माणूस घेऊन जातो. कसे झाले हे डॉक्टर त्यालाच विचारतात आणि केसपेपरवर 'घरी पडून इजा' असे लिहिले जाते. चार वर्षांनी कोर्टात मालकाचा वकील तोच केसपेपर पुढे करतो. न्यायाधीश वाईट असतात म्हणून ती हरत नाही. त्यांच्यासमोर येतो तो कागदच तिच्या विरुद्ध असतो.

दुसरे दार : मजुरी किती? भरपाई दयेने ठरत नाही, सूत्राने ठरते. मृत्यू झाल्यास मासिक मजुरीचा निम्मा भाग, कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास साठ टक्के, आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. चाळिसाव्या वर्षी हा गुणक १८४.१७ आहे. अंशतः अपंगत्व असेल तर कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितकाच भाग. अनुसूचीप्रमाणे एका हाताची चार बोटे गेली की ५० टक्के.

आता हिशेब करू. समजा चाळीस वर्षांच्या बाईला रोज २०० रुपये मिळतात आणि शेजारी त्याच यंत्रावर उभ्या असलेल्या, त्याच वयाच्या पुरुषाला ४००. महिन्याचे २६ दिवस धरले तर तिची मजुरी ५,२०० आणि त्याची १०,४००. दोघांची चार-चार बोटे गेली. तिला सुमारे २ लाख ८७ हजार रुपये, त्याला सुमारे ५ लाख ७५ हजार. यंत्र एक, जखम एक, वय एक. आयुष्यभर तिला अर्धी मजुरी दिली म्हणून तिच्या बोटांची किंमतही अर्धी. त्यात मालक म्हणणार, ती फक्त हंगामातच कामाला यायची, मग महिन्याचे २६ दिवस कसे धरता? मजुरीतली तफावत बाईची पाठ मेल्यावरही सोडत नाही, कारण मृत्यूचे सूत्रही मजुरीवरच उभे आहे.

समान कामाला समान वेतन हा कायदा देशात १९७६ साली झाला, आणि आता तो वेतन संहितेचा भाग आहे. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील एका महिला लघुलेखिकेने या कायद्याखाली दाद मागितली होती. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि कंपनीला तसे करणे परवडत नाही हे कारण चालणार नाही असे सांगितले. तो निकाल शेताच्या बांधापर्यंत अजून पोचलेला नाही. भरपाईच्या दाव्यात आपण तो पोचवला पाहिजे. प्रत्यक्ष मजुरी किमान वेतनापेक्षा कमी असेल तर हिशेब किमान वेतनाने व्हावा, आणि पुरुषाला जास्त मिळत असेल तर त्या दराने व्हावा, असे दाव्यातच लिहिले पाहिजे. मालकाने कायदा मोडून कमी मजुरी दिली, त्या कायदेभंगाचा फायदा त्यालाच भरपाईत का मिळावा?

टक्क्यांचेही तसेच आहे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा दावा आला. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के, असे न्यायालयाने मानले. निंदण, वेचणी, सोंगणी, ही सारी दोन्ही हातांची कामे आहेत. उजव्या हाताची चार बोटे गेलेल्या बाईला विळा धरता येत नाही. मग तिचे नुकसान पन्नास टक्के कसे? तिच्या बाबतीत शंभर टक्के धरले तर वरच्या हिशेबातली रक्कम दुप्पट होते. पण सुताराचे काम हे 'कसब' म्हणून ओळखले जाते आणि वेचणी हे कोणीही करील असे 'हलके काम'. ती ओळख बदलायला कोर्टात कोणी तरी उभे राहून सांगावे लागेल की दिवसाला किती किलो कापूस वेचला जातो आणि तो दोन्ही हातांच्या किती चपळाईने.

घरकाम तर या सूत्रात कुठे येतच नाही. मोटार अपघाताच्या व इतर दाव्यांत न्यायालये त्याची किंमत धरू लागली आहेत. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीत दगावलेल्या गृहिणींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली महिना ३,००० रुपये हे घरातल्या सेवेचे मोल धरले. २०२१ साली त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की घरकामाला काल्पनिक उत्पन्न धरणे म्हणजे बाईच्या श्रमाला मान्यता देणे होय. कामावरच्या अपघातात मात्र हाती पडलेली रोख मजुरी तेवढीच मोजली जाते. चार बोटे गेल्यावर भाकर थापता येत नाही, धुणे पिळता येत नाही, हापशी हापसता येत नाही. त्याचा हिशेब कोणत्याच रकान्यात नाही.

तिसरे दार : किती वर्षे? अपघातानंतर महिन्याभरात भरपाई द्यावी, न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसल्यास वर निम्म्यापर्यंत दंड, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होते त्याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यात साखर कारखान्यावरचा एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटेच्या पाळीला निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना रस्त्यावरच्या अपघातात मेला. मागे बायको, चार मुले, म्हातारी आई. २००९ साली आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये व्याजासह देण्याचा हुकूम केला. २०११ साली उच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण अपघात कामावर झाला नाही, कामाला जाताना झाला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम पुन्हा कायम केला आणि म्हटले की कामाची वेळ, जागा आणि परिस्थिती यांच्याशी संबंध दिसत असेल तर घर ते कामाची जागा हा प्रवासही कामातच मोडतो. नव्या संहितेतही तशी तरतूद आहे. निकाल चांगला आहे, आपल्या उपयोगाचा आहे. टेम्पोत, ट्रॉलीत कोंबून शेतावर नेल्या जाणाऱ्या बायकांसाठी तर फारच. पण त्या विधवेने बावीस वर्षे वाट पाहिली. मुले लहान असताना ज्या पैशाची गरज होती तो पैसा मुले मोठी झाल्यावर आला.

हिवरखेडच्या बाईला अकोल्याच्या कामगार न्यायालयात जायचे तर अकोटला गाडी बदलून जावे लागते. जुनी मीटरगेज बंद झाली, आता एसटी किंवा काळीपिवळी. तारखेला जायचे म्हणजे रोज बुडाला, भाडे गेले, आणि तिकडे समजते की साहेब रजेवर आहेत. अशा पाच-सहा तारखांनंतर तडजोडीचा आकडा पुढे येतो आणि ती तो घेते. तिने लवकर हार मानली असे मी कधी म्हणणार नाही. तिच्याकडे थांबण्याइतके पैसे नव्हते. विमा कंपनीकडे होते.

नोकरीच्या वादातही हीच दारे आहेत. जिनिंगमध्ये, शाळेच्या पोषण आहारात, खाजगी दवाखान्यात वर्षानुवर्षे राबलेल्या बाईला एक दिवस 'उद्यापासून येऊ नको' म्हणतात. वर्षात २४० दिवस काम केले हे तिनेच दाखवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटले. २००५ साली त्याच न्यायालयाने थोडे दार उघडले : तिने शपथेवर सांगितले, मालकाकडचे हजेरीपट मागितले आणि मालकाने ते लपवले, तर त्याच्या विरुद्ध अनुमान काढता येते. म्हणून हजेरीपट मागण्याचा अर्ज दिल्याशिवाय अशा कामात उलटतपासणीला उभे राहू नये. बडतर्फीविरुद्ध दाद मागायला पूर्वी तीन वर्षे होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत दोनच आहेत. अंगणवाडीच्या बायांना 'मानधन' मिळते, वेतन नाही, म्हणून त्या कर्मचारी नाहीत असे वर्षानुवर्षे ऐकवले गेले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. बाईच्या कामाला मान, सेवा, मदत अशी गोड नावे दिली जातात ती पुष्कळदा पैसे द्यायचे नसतात तेव्हा.

हे सगळे पाहिल्यावर मला एक गोष्ट पक्की वाटते. भरपाईचा दावा अकोल्याच्या न्यायालयात लढवला जातो, पण तो जिंकला किंवा हरला जातो गावात, अपघाताच्या आधी आणि नंतरच्या पहिल्या आठवड्यात. तिथे वकील नसतो. तिथे आपले गट असू शकतात.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक बचत गटाने, प्रत्येक महिला मंडळाने मजुरीची एक वही ठेवावी. तारीख, शेत कोणाचे, यंत्र कोणाचे, कोण कोण बाया होत्या, काम काय, रोज किती. पुरुषाला किती मिळाले तेही. एकीला लिहिता येत असेल तरी पुरे, आणि आता हाताशी फोन आहे, कामाच्या जागेचा एक फोटो रोज काढता येतो. अपघात झाला तर मालकाच्या माणसाबरोबर गटाची एक बाई दवाखान्यात गेलीच पाहिजे, आणि केसपेपरवर 'अमक्याच्या शेतात थ्रेशरवर काम करताना' असे लिहून घेतले पाहिजे. पोलिसांत जबाब द्यावा. मालकाला रजिस्टर पोस्टाने सूचना पाठवावी आणि पावती जपावी. दवाखान्याचा खर्च मालक देत असेल तर जरूर घ्यावा, पण कोऱ्या कागदावर अंगठा नाही. दोन वर्षांच्या आत दावा लावावा. उशीर झाला असेल तरी सबळ कारण असल्यास तो माफ होऊ शकतो, म्हणून जुनी प्रकरणेही सोडून देऊ नयेत.

वकिलाची भीती नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याला विधी सेवा समिती असते, १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. मेळघाटातून उतरून आकोट-तेल्हाऱ्याकडे मजुरीला येणाऱ्या कोरकू बायकांसाठी आणखी एक गोष्ट. १९९५ च्या दुरुस्तीपासून, अपघात जिथे झाला तिथेच दावा लावण्याची सक्ती राहिली नाही. दावेदार राहते त्या भागातही तो लावता येतो. हिवरखेडला हात गेला तरी धारणीच्या बाईला अमरावतीत दाद मागता येते.

आणि मागण्या. शेतीतले सर्व काम, वेचणी व निंदणासकट, अनुसूचीत घ्या. भरपाईचा हिशेब किमान वेतनाच्या खाली आणि पुरुषाच्या दराच्या खाली होऊ देऊ नका. अपंगत्वाचे टक्के ठरवताना बाईचे प्रत्यक्ष काम पाहा. भूमिहीन मजूर बाईला शेतकरी अपघात योजनेत हक्काने जागा द्या. आयुक्तांचे काम महिन्यातून एकदा तरी तालुक्याच्या गावी चालवा. नव्या संहितांचे नियम आता आकार घेत आहेत, तेव्हा या मागण्या लेखी स्वरूपात पाठवण्याची वेळ हीच आहे.

पुढच्या अंकापर्यंत आपापल्या भागातली प्रकरणे आम्हाला कळवा. जिंकलेली, हरलेली, अर्ध्यात सोडलेली, दोन पोत्यांवर मिटलेली, सगळी. बाईचे नाव नको. तारीख, काम, मजुरी, जखम आणि हातात काय पडले एवढे पुरे. ती एकत्र मांडली म्हणजे वऱ्हाडात हाताचा काय भाव चालतो हे एका कागदावर दिसेल, आणि तो कागद घेऊन आपण मुंबईला जाऊ.

आपली,
संपादक मंडळाच्या वतीने